गरवणारे पुन्हा पुन्हा एकाच दुकानात का जातात

अलिबागजवळ आठ महिन्यांपूर्वी गरवायच्या, म्हणजे गरीने मासे पकडायच्या, सामानाचं दुकान काढलेल्या एका तरुणाने मला विचारलं आहे: जागा नाक्यावरची आहे, काचेच्या कपाटात चांगले रॉड आणि रील लावलेत. लोक येतात, हात लावून बघतात, फोनवर किंमत ताडून पाहतात आणि 'येतो हां' म्हणून निघून जातात. त्यांनी परत यावं म्हणून काय करू?

माझं दुकान रत्नागिरीत आहे. वडिलांच्या वेळी तिथे जाळी, दोर आणि बोये मिळायचे. १९९८ पासून मी गऱ्या, तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, रॉड, रील ठेवायला लागलो. तुमच्यासारखंच काचेचं कपाट मीही केलं होतं. त्याचा एक खण आता चहाच्या कपांना दिलाय.

आधी ते रीलचं दुःख सोडून द्या. माणूस रील पाच-सहा वर्षांतून एकदा घेतो. गऱ्या, वजनाचं शिसं, स्विव्हल म्हणजे फिरत्या कड्या, आणि लीडर म्हणजे गरीआधीचा जाड दोरा मात्र त्याला दर पंधरा दिवसांनी लागतं, कारण ते समुद्र खातो. आमच्याकडे कातळावर बसलेला माणूस एका सकाळी चार-पाच गऱ्या सहज गमावून येतो. तेव्हा ज्याचं तुमच्याकडे वर्षातून तीस वेळा येणं होतं, तो कधीतरी रीलही तुमच्याकडेच घेणार, आणि नाही घेतलं तरी तुमचं दुकान त्याच्या तीस फेऱ्यांवर चालतं. मी रीलच्या भावात कुणाशी स्पर्धा करत नाही. गिऱ्हाइकाने फोन काढला की मीच सांगतो, 'तिथे स्वस्त असेल तर तिथून मागवा, पण लाईन भरायला इकडे आणा.' पहिल्यांदा माणसाला वाटतं, मी टोमणा मारतोय. आठ दिवसांनी तो खोका घेऊन दारात उभा असतो.

लाईन भरणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात कमी लेखलेलं काम आहे, म्हणून त्यावर जरा जास्त बोलतो. हल्ली सगळ्यांना ब्रेड हवी असते, म्हणजे विणलेली बारीक लाईन. ही गुळगुळीत असते. ती थेट अ‍ॅल्युमिनियमच्या स्पूलवर, म्हणजे रीलच्या रिळावर, गाठ मारून गुंडाळली, तर वरून सगळं झकास दिसतं, पण मोठा मासा लागला की अख्खी गुंडाळी स्पूलवर घसरून फिरते. ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, कितीही आवळा, लाईन सुटतच राहते, आणि माणूस रीलला शिव्या घालतो. उपाय फुटकळ आहे: खाली आठ-दहा वेढे साध्या तंगुसाचे द्यायचे, नाहीतर चिकटपट्टीचा एक वेढा, आणि त्यावर ब्रेड. भरताना लाईन ओल्या फडक्यातून दाबून ताणत न्यायची. सैल भरली तर वरचे वेढे खालच्यात रुततात आणि पुढच्या फेकीला गुंता उडतो. स्पूलच्या काठाखाली दीड-दोन मिलिमीटर जागा सोडायची. काठोकाठ भरली तर वेढे गठ्ठ्याने सुटतात. कमी भरली तर लाईन काठाला घासत जाते आणि फेक दहा-पंधरा मीटर कमी पडते. घरी टीव्हीसमोर बसून, बायकोच्या हातात पेन्सिलीवर रीळ देऊन भरलेल्या लाईनी मी रोज बघतो. तुम्हीही बघाल.

याचे मी पन्नास रुपये घेतो, लाईन माझ्याकडची असेल तर काहीच नाही. खरा फायदा पुढे आहे. एक-दोन हंगाम वापरलेल्या ब्रेडचा वरचा साठ-सत्तर मीटरचा भाग झिजतो, रंग उडतो, केसाळ होतो. खालची निम्मी लाईन पाण्यात कधी उतरलेलीच नसते. अशी लाईन घेऊन कुणी 'नवीन भरा' म्हणाला, तर मी ती उलटवून देतो: आधी एका रिकाम्या रिळावर, तिथून दुसऱ्या रिळावर, मग परत स्पूलवर. कोरी बाजू वर येते. पंधरा-वीस मिनिटं जातात आणि माझी दीड हजाराची विक्री बुडते. बुडू द्या. हा माणूस संध्याकाळी जेट्टीवर शेजारच्याला काय सांगतो याचा विचार करा. माझ्या दुकानाची पाटी अजून हाताने रंगवलेली आहे, जाहिरातीवर माझा धंदा कधीच चालला नाही. ती जेट्टीवर आपोआप होते.

आणि हे सगळं वहीत लिहायचं. माझ्याकडे उधारीची वही वेगळी आणि रीलची वही वेगळी. रीलच्या वहीत माणूस, रीलचं माप, लाईनचा नंबर अशी नोंद असते: 'मांडवीचे काका, ४०००, दोन नंबर ब्रेड हिरवी, तीनशे मीटर, दिवाळीनंतर उलटवली.' पुढच्या वर्षी ते आले आणि मी विचारलं, 'काका, ती हिरवी उलटवून वर्ष झालं ना?', की काका खुर्ची ओढून बसतात. इतकं लक्षात ठेवणारं दुकान त्यांनी कशाला बदलावं? कॉम्प्युटरवर ठेवलंत तरी चालेल. मला वही बरी पडते, कारण गिऱ्हाईक स्वतःच पानं उलटून आपलं नाव शोधतं.

दुसरी गोष्ट, न विकणं. तुमच्याकडे जिताडा म्हणतात, मुंबईकर खजुरी म्हणतात, तो मासा तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. रायगडात तो गावतळ्यांत पाळायचीच रीत आहे. एक जण तीन वेळा माझ्याकडे येऊन रडला, मासा लागतो आणि किनाऱ्याजवळ येऊन तोडून जातो. त्याला मोठा रॉड, मोठं रील, जाड ब्रेड असं सगळं हवं होतं, पंधरा हजारांची तयारी करून आला होता. मी तुटलेलं टोक मागितलं. ते सुरीने कापल्यासारखं सरळ होतं. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची धार ब्लेडसारखी असते आणि तोंड कानशीसारखं खरखरीत. बारीक ब्रेड थेट गरीला बांधली, तर ती ताकदीने तुटत नाही, कापली जाते. त्याला मी दीड-दोन फूट चाळीस पौंडी लीडर दिली, गाठ मारून दाखवली, ड्रॅग वजनकाट्यावर लावून दिला. तीस पौंडी लाईन असेल तर ड्रॅग साडेतीन किलोच्या आसपास सुटायला हवा, म्हणजे पाव ताकदीला. त्याचा पार आवळलेला होता. एकूण बिल झालं एकशे ऐंशी रुपये. पंधरा हजारांचा रॉडही त्याने घेतला, पण दोन वर्षांनी, आणि भाव न विचारता.

ताणकाट्यावरून आठवलं. छतातून लोंबकळणारा एक चांगला वजनकाटा गल्ल्याशेजारी लावाच. बाजारात नकली माल फार आला आहे. डब्यावर जपानी नाव, आत कुठलीतरी सुतळी. 'हे खोटं आहे' असं तोंडाने सांगू नका, माणसाला ते तुमची जळजळ वाटते. त्याची लाईन काट्याला बांधा आणि त्यालाच ओढायला सांगा. डब्यावर चाळीस पौंड, म्हणजे अठरा किलो लिहिलेलं असतं आणि सहा किलोवर टक्कन तुटते. मग तुमचीही लाईन त्याच काट्यावर तोडून दाखवा. तीही पूर्ण आकडा देणार नाही, कारण गाठीवर प्रत्येक लाईन थोडी ताकद गमावते. तेही खरं सांगायचं. स्वतःच्या मालाची कमी बाजू त्याच काट्यावर दाखवणाऱ्याचं बोलणं लोक पुढे मुकाट ऐकतात.

सुटा माल ठेवा. हे नव्या दुकानदारांना कमीपणाचं वाटतं. पंचवीस गऱ्यांचं पाकीट फोडून चार गऱ्या कागदात बांधून देणं म्हणजे किराणा दुकान झालं, असं एकाने मला म्हटलं होतं. झालं तर झालं. नव्या माणसाला गरीचे नंबर कळत नाहीत, आणि ते नंबर आहेतही वेडेवाकडे: सहापेक्षा चार मोठी, चारपेक्षा दोन, दोनपेक्षा एक, आणि तिथून उलट फिरून १/० पेक्षा २/० मोठी, २/० पेक्षा ३/०. तो पाकीट घेतो, चुकीचं निघतं, आणि पंचवीस गऱ्या खारी हवा खात गंजून जातात. बोटाएवढ्या कोळंबीला कुठली गरी आणि जिवंत बोयट माशाला कुठली, हे समोर लावून दाखवून चार गऱ्या दिल्या, तर त्याचे पैसे वाचतात आणि पुढच्या वेळी तो नंबर विचारत नाही, 'त्या दिवशीच्या द्या' म्हणतो.

शिशाच्या बाबतीत तर मी धंदाच बुडवला आहे. कातळात शिसं अडकून जातंच जातं. मी लोकांना सांगतो, गॅरेजमधून जुने स्पार्क प्लग मागून आणा, फुकट मिळतात, आणि ते मुख्य लाईनपेक्षा कमजोर दोऱ्याने बांधा. अडकला तर तेवढाच दोरा तुटतो, गरी आणि मासा दोन्ही हातात राहतात. शिसं मी ठेवतो ते पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, आणि खाडीत टाकणाऱ्यांसाठी. माझ्या काउंटरखाली स्पार्क प्लगची एक बादली आहे, तिच्यातून कुणीही उचलावेत.

आता वेळेचं. तुमचं गिऱ्हाईक शनिवारी रात्री जागं होतं. रविवारी पहाटे पाणी चांगलं आहे, मुंबईहून मित्र रो-रो बोटीने मांडव्याला उतरलाय, आणि डबा उघडला तर स्विव्हल नाहीत. ही गरज कुरियर भागवू शकत नाही. शनिवारी मी साडेदहापर्यंत उघडा असतो. सोमवारी दुपारपर्यंत बंद, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

पाण्याची माहिती हा तुमचा असा माल आहे, जो कपाटात दिसत नाही. भरतीच्या वेळा फोनवर मिळतात, आणि जुन्या लोकांना त्याचीही गरज नसते: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पण हे झालं समुद्रावरचं. खाडीत पाच-सात किलोमीटर आत पाणी उशिरा फिरतं, किती उशिरा ते प्रत्येक खाडीचं वेगळं, आणि उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरतीच्या, पाण्यात आणि भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, पाण्यात पुन्हा वेगळं. भाट्याच्या पुलाखाली ओढ कधी धरते हे मला तिथे वर्षानुवर्षं बसून कळलं. तुमच्याकडे रेवदंड्याला कुंडलिकेच्या तोंडाशी आणि आत खाडीत काय फरक पडतो, धरमतरच्या खाडीत आंबा नदीचं गढूळ पाणी पावसानंतर किती दिवस राहतं, हे तुम्ही स्वतः बसून शोधा आणि भिंतीवर खडूने लिहा. दुकानदार स्वतः गरवायला जात नसेल, तर ते दोन वाक्यांत ओळखू येतं.

पण याच मालात मी एकदा भयंकर चूक केली. दुकानात येणारा प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारतो: 'सध्या कुठे लागतोय?' पूर्णगडच्या बाजूला एका जुन्या गिऱ्हाइकाने एक कातळ शोधला होता. ओहोटीला दीड तास उघडा पडतो, पलीकडे खोल घळ, तिथे तांबोशी आणि गोब्रा मासे. त्याने विश्वासाने मला सांगितलं, कारण कुठलं लीडर वापरावं हे विचारायला जागेचं वर्णन करावंच लागतं. मी ते आठवड्याने पुण्याहून आलेल्या एका भल्या माणसाला सांगून टाकलं. त्याने बरीच खरेदी केली होती आणि मला बरं वाटत होतं, एवढंच कारण. पुढच्या रविवारी त्या कातळावर आठ जण उभे होते. माझं जुनं गिऱ्हाईक काही बोललं नाही, भांडलं नाही, फक्त यायचं थांबलं. दोन वर्षं. नंतर आला तेही भावाबरोबर, आणि त्या दिवशी त्याने स्वतः काही घेतलं नाही.

तेव्हापासून माझा नियम आहे. कुठला मासा, कुठलं पाणी, कुठलं आमिष, दिवसाची कुठली वेळ, हे सगळं सांगतो. खाडी की खुला समुद्र, इथपर्यंत सांगतो. कातळ सांगत नाही. जागा सगळ्यांना माहीत असलेली असेल, मिरकरवाड्याची जेट्टी किंवा भाट्याचा पूल, तर बिनधास्त नाव घेतो, नवीन माणसाला तिथेच पाठवतो. माशांचे फोटो भिंतीवर लावायची हौस असेल तर मागचा डोंगर आणि दीपगृह कापून लावा. जाणती माणसं मासा बघत नाहीत, मागची क्षितिजरेषा बघतात.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात. टोकाची रिंग तुटली तर दहा मिनिटांत बदलून मिळाली पाहिजे. त्याला लागतो गरम करून लावायचा गोंद, लायटर आणि निरनिराळ्या मापांच्या रिंगा. रिंगच्या आतली चिनी मातीची कडी तडकली असेल तर डोळ्यांना दिसत नाही, कापसाचा बोळा फिरवा, तंतू अडकतात. लाईन वारंवार एकाच ठिकाणी तुटते असं कुणी म्हणालं की आधी हे करा. रील उघडून देत असाल तर लाईन ज्या छोट्या चाकावरून वळते त्याची बेअरिंग आधी बघा, खारं पाणी सगळ्यात आधी तिला खातं. आणि लोकांना सांगत राहा की रील बादलीत बुडवून धुऊ नका, नळाच्या जोराखाली धरू नका. ड्रॅग आवळून वरून हलकं गोडं पाणी, मग पुसून सावलीत. हे न सांगता दुरुस्तीवर जास्त पैसे मिळतील. मला ते बरं वाटत नाही.

दुकानातल्या फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात मी हैदराबादच्या इन्कॉईस या समुद्र माहिती केंद्राचा लाटांचा इशारा लिहितो. वारा पडलेला, आकाश निरभ्र, आणि दूर दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळाच्या लांब पल्ल्याच्या लाटा आपल्या कातळावर येऊन आदळतात. दहा मिनिटं काही नसतं आणि अचानक एक भिंत येते. अशा दिवशी कातळावर जायचं म्हणून सामान घ्यायला आलेल्याला मी देत नाही. 'खाडीत जा, त्याचं देतो,' म्हणतो. काही जण रागावून दुसरीकडे जाऊन घेतात. बहुतेकांच्या घरी हे कळतं, आणि मग बायको किंवा आईच सांगते की सामान त्याच दुकानातून आणा. जूनमध्ये यांत्रिक नौकांची बंदी लागते, १ जून ते ३१ जुलै, तेव्हाही किनाऱ्यावर गरवणारे असतातच. त्या दिवसांत माझा फळा दिवसातून दोनदा बदलतो.

सवलतीची कार्डं, लकी ड्रॉ, दुकानाच्या नावाचे टी-शर्ट, हे सगळं मी करून पाहिलं आहे. टी-शर्ट लोक घालतात, अजून एक जण माझ्या जुन्या टी-शर्टने स्कूटर पुसतो. स्पर्धा भरवायची असेल तर आधी मोजमापाचा आणि मासा सोडायचा विचार करा. राज्याने ५४ जातींच्या माशांना किमान आकार ठरवून दिलाय, आणि वीतभर पिल्लांचे फोटो काढणारी स्पर्धा दुकानाची शोभा घालवते. जिताड्याच्या बाबतीत मोठा मासा सोडण्यातही अर्थ आहे. तो आधी नर असतो आणि वाढला की मादी होतो, त्यामुळे भलामोठा जिताडा बहुधा अंड्यांवरचीच मादी असते. हे मी सांगतो, सक्ती करत नाही. आपल्याकडे लोक खायलाच मासे पकडतात, मीही खातो.

उधारी: होडीवाल्यांना द्या, हंगाम संपला की देतात. हौशींना देऊ नका. हौशी माणूस तीनशे रुपयांच्या उधारीपायी तोंड चुकवतो आणि कायमचा जातो. पैशांपेक्षा गिऱ्हाईक गेल्याचं नुकसान मोठं.

पोरांना मात्र हाकलू नका. दहा-बारा वर्षांची पोरं येतात, हातात बाटलीला गुंडाळलेलं तंगूस, मुठीत दहा-वीस रुपये, अर्धा तास दुकान अडवतात आणि दोन गऱ्या घेतात. त्यांना गरीची गाठ शिकवा. तीच पोरं पुढे मुंबईला, पुण्याला नोकरीला लागतात आणि गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात चाकरमानी होऊन येतात. तेव्हा त्यांच्याकडे पैसे असतात, सुट्टी मोजून पाच दिवस असते आणि वडील सांगत असतात त्या खोळंबलेल्या कामांची यादी असते. तुमच्याकडे अलिबागला हे अंतर कमी आहे, तुमचे लोक दर शनिवारी येऊ शकतात. आमचे वर्षातून दोनदा येतात.

या लोकांमुळे आमच्याकडे एक वेगळीच रीत पडली. नऊ फुटी रॉड दोन तुकड्यांत सुटा केला तरी साडेचार फूट होतो. गणपतीच्या गर्दीत, कोकण रेल्वेच्या डब्यात, पाय ठेवायला जागा नसताना तो आणायचा कसा? सुमारे बारा वर्षांपूर्वी एक जण जाताना म्हणाला, 'दादा, हा इथेच असू दे, मे महिन्यात येतो.' मी पोटमाळ्यावर ठेवला. त्याचं बघून दुसऱ्याने ठेवला. आज पोटमाळ्यावर सतरा रॉड आहेत, प्रत्येकाला सुतळीने बांधलेली चिठ्ठी, नाव आणि गाव. श्रावणात एका रविवारी मी आणि मुलगा ते सगळे खाली काढतो, रिंगा पुसतो, रील असतील त्यांची मूठ फिरवून बघतो, लाईन जीर्ण झाली असेल तर फोन करून विचारतो. भाडं घेत नाही.

गेल्या वर्षी त्यातला एक रॉड न्यायला मालक आला नाही, त्याचा मुलगा आला, आठवीतला. बाबांना सुट्टी मिळाली नाही म्हणाला. चिठ्ठी वाचून त्याने रॉड ओळखला, मग माझ्याकडे बघून विचारलं, 'बाबा म्हणाले, तुम्ही गाठ शिकवाल.'